नववीत अडकलेल्या पोराला आयटीआयला घालू का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. आयटीआयत वेल्डिंग शिकवायचो, त्यामुळे जत्रेत, लग्नात कुठेही गेलो की कोणीतरी बाजूला घेतंच, सर, पोरगा नववीत नापास झाला, आता शाळेत पाऊल ठेवत नाही, काय करू. आयटीआयला घाला. पण दहावीचा विषय संपला असं समजू नका.

आमच्या गोव्यातल्या डिचोली-सत्तरीत पूर्वी असा पोरगा सरळ खाणीच्या ट्रकावर क्लीनर म्हणून चढायचा. 2012 मध्ये खाणी बंद पडल्या आणि ती वाट मोडली. आता कळंगुटला शॅकवर, म्हणजे किनाऱ्यावरच्या खानावळीत, सीझन करायचा आणि पावसात घरी बसायचं. अमेरिकेत म्हणे अशा पोरांसाठी वेगळी हायस्कूलं असतात, अभ्यास आणि धंदा एकाच जागी, आपल्याला ते दोन ठिकाणांहून जुळवावं लागतं, हाताचं काम आयटीआयत आणि दहावी एनआयओएसमधून, म्हणजे घरबसल्या परीक्षा देता येणाऱ्या राष्ट्रीय मुक्त शाळेतून. तिथे पाच वर्षांत नऊ वेळा परीक्षेला बसता येतं, निघालेला विषय परत द्यायचा नाही. शाळेला वैतागलेल्या पोराला हे झेपतं.

वेल्डिंगला आठवी पास चालतो, एका वर्षाचा ट्रेड, म्हणजे कोर्स. पहिले काही दिवस रॉड प्लेटला चिकटतच राहतो, पोरगा चिडतो, होल्डर हिसकतो. मग कधीतरी एक सरळ बीड, म्हणजे वेल्डची रेघ, येते, पोरगा वरची स्लॅगची खपली ठोकून काढतो, खालून चकचकीत धातू दिसतो आणि बाजूच्याला हाक मारून दाखवतो. गणितात शून्य घेणारा हाच पोरगा मग 3.15 मिलीमीटरचा रॉड घेऊ की 2.5चा म्हणून विचारायला येतो.

गळती होते ती चतुर्थीनंतर. सुट्टी लांबते, कोणीतरी रोजंदारीवर बोलावतं, हातात पैसे येतात. परीक्षेला 80 टक्के हजेरी लागते, म्हणून त्या आठवड्यात आईबापांनी घरात कटकट केलीच पाहिजे, इन्स्ट्रक्टरचा फोन येईल म्हणून वाट बघू नका.

आणि हो, ट्रेड पोराला विचारून भरा. शेजारचा एसी मेकॅनिक झाला म्हणून तेच नको, त्याला दहावी लागते. आठवीवर वायरमन मिळतो, दोन वर्षांचा, तो पास झाला की एनआयओएस ट्रेडचे विषय दहावीला जमेस धरते, दहावीचं ओझं कमी होतं. पोराला चालत असेल तर मी तोच भरा म्हणेन, वेल्डिंगचा मास्तर असूनसुद्धा.