वर्कशॉप आणि बाग: आमची वाटचाल

सुरुवातीची बरीच वर्षं आम्ही फाटकं, जिने, रेलिंग आणि खिडक्यांच्या जाळ्याच बनवत होतो. वर्कशॉप बाबांचं. शिल्प हा शब्दही तिथे कुणी उच्चारत नसे, पण शिल्पाला लागणारं जवळजवळ सगळं मी तिथेच शिकले. गुण्या लावून काटकोन बघायचा, आधी सगळीकडे नुसते टॅक, म्हणजे वेल्डचे छोटे तात्पुरते ठिपके, मारायचे, पुन्हा माप घ्यायचं आणि मगच वेल्ड भरायचा. एका बाजूने सलग वेल्ड मारत गेलं तर चौकट वाकणारच, कारण वेल्ड थंड होताना आकसतो आणि शेजारच्या लोखंडाला आपल्याकडे ओढतो. म्हणून थोडं इथे, थोडं समोरच्या कोपऱ्यात. बाबा याला ‘लोखंडाला समजावून घेणं’ म्हणायचे.

फाटकाच्या कामात ही ओढ म्हणजे शत्रू. शिल्पाच्या कामात मला तीच सगळ्यात जास्त उपयोगी पडली. पत्र्यावर गॅसच्या ज्योतीने एकच सरळ रेघ तापवत नेली आणि पत्रा निवू दिला, की तो तापवलेल्या बाजूकडे आपोआप किंचित वळतो. शेजारी दुसरी रेघ, मग तिसरी. हातोड्याचा एकही घाव न घालता सपाट पत्र्याला पानासारखी पन्हळ येते. घाव नसल्यामुळे तिच्यावर ठोकल्याच्या खुणा नसतात आणि कडा ताणलेली दिसत नाही. आमच्या पहिल्या काही शिल्पांमध्ये याच युक्तीने केलेली पानं आहेत आणि ती अजूनही माझी आवडती आहेत.

वर्कशॉपमधून शिल्पाकडे येणारे आम्ही काही पहिले नाही. हुलिओ गोन्झालेझ हा स्पॅनिश शिल्पकार धातूकाम करणाऱ्या घराण्यातला. 1918 मध्ये रेनॉच्या कारखान्यात काम करताना तो ऑक्सि-ॲसिटिलीन वेल्डिंग शिकला आणि पुढे 1928 पासून त्याच हातांनी पिकासोला लोखंडी शिल्पांत मदत करू लागला. अमेरिकन शिल्पकार डेव्हिड स्मिथने तरुणपणी मोटारींच्या कारखान्यात काम केलं होतं. नंतर त्याने आपली शिल्पं घराभोवतीच्या मोकळ्या शेतात ओळीने उभी केली. हे वाचलं तेव्हा मला फार बळ आलं. कारखान्यातलं कसब दुय्यम नाही, हे कुणीतरी इतक्या मोठ्या प्रमाणावर दाखवून दिलं होतं.

बाग आली ती कामाच्या गरजेतून. शिल्प उघड्यावर ठेवल्यावर त्याचं काय होतं, पाणी कुठे साचतं, गंज कुठून सुरू होतो, हे आत बसून कळत नाही. म्हणून वर्कशॉपमागच्या मोकळ्या पट्ट्यात आम्ही नमुने उभे केले. जमीन उघडी बोडकी बरी दिसेना म्हणून चार रोपं लावली, आणि मग त्या रोपांनी माझा ताबाच घेतला. आता ग्राइंडर सुरू होण्याआधीची सकाळ बागेची असते. छाटणी, आळी करणं, कुजलेलं खत पसरणं, आणि त्यातच रेखाटनाची वही. त्या वेळी उजेड तिरपा असतो, पानांच्या शिरा उठून दिसतात. दुपारच्या उजेडात तेच पान सपाट वाटतं.

बागेने मला शिकवलेली सगळ्यात मोलाची गोष्ट वेलींच्या तणाव्यांत सापडली. तणावा आधाराला पकडतो आणि मग स्प्रिंगसारखा गुंडाळत जाऊन वेलीला आधाराकडे खेचतो. नीट पाहिलं तर ही स्प्रिंग मध्येच कुठेतरी उलटते: अर्धे वेढे एका दिशेने, अर्धे विरुद्ध दिशेने, आणि मध्ये एक छोटा सरळ तुकडा. चार्ल्स डार्विनने 1865 मध्ये वेलींच्या हालचालींवर लिहिताना याचं कारण फार सुंदर उलगडलं आहे. तणाव्याची दोन्ही टोकं बांधलेली असतात. सगळे वेढे एकाच दिशेने पडले तर तणावा स्वतःभोवती पिळला जाऊन तुटेल. म्हणून जितके वेढे एका बाजूला, साधारण तितकेच दुसऱ्या बाजूला.

हे कळल्यावर मी वर्कशॉपमध्ये गेले आणि एका बारीक सळईचं एक टोक शिकंज्यात पकडून, ती तापवून पाइपभोवती गुंडाळली. अर्ध्यावर दिशा उलटवली. ती सळई हातात घेतली तेव्हा ती नक्षी राहिली नव्हती, कुठल्यातरी दोन गोष्टींना बांधून ठेवणारी वाटत होती. झाडाची नक्कल करायची नाही, झाड एखादा आकार का घेतं ते शोधायचं आणि तेच कारण धातूला द्यायचं. आमच्या स्टुडिओचं सगळं काम आज याच एका गोष्टीवर उभं आहे.

काम कसं पुढे सरकतं ते सांगते. आधी वहीतलं रेखाटन, मग तारेचा आणि पुठ्ठ्याचा हातभर उंचीचा नमुना. तो हातात फिरवून सगळ्या बाजूंनी पटला, की फरशीवर खडूने पूर्ण मापाचं चित्र काढतो आणि त्यावरून पुठ्ठ्याची फर्मे कापतो. जाड सळया भट्टीत घालतो. तिथे डोळेच थर्मामीटर असतात. गडद लाल रंगावर सळई हट्टी असते, नारिंगी-पिवळी झाली की हातोड्याला ऐकते, आणि पांढरी होऊन ठिणग्या उडू लागल्या की ती जळायला लागली समजायचं. तांब्याचा स्वभाव वेगळा. ठोकत गेलं की तांबं कडक होतं आणि शेवटी तडकतं. मंद लाल होईपर्यंत तापवलं की पुन्हा मऊ होतं, आणि लोखंडाच्या उलट, पाण्यात बुडवून गार केलं तरी मऊच राहतं. ठोकायचं, तापवायचं, पुन्हा ठोकायचं, आणि शेवटी मठारून, म्हणजे हलके, जवळजवळ ठोके देऊन, पृष्ठभाग एकसारखा करायचा. मठारकामाचा तो एका लयीतला आवाज मला दिवसभर ऐकायला आवडतो.

सगळे तुकडे टॅक मारून उभे राहिले की आम्ही मुद्दाम थांबतो. शिल्प तसंच बागेत नेऊन ठेवतो आणि येता-जाता बघतो. टॅक तोडायला सोपे असतात, पक्का वेल्ड नाही. याच टप्प्यावर सगळ्यात जास्त बदल होतात आणि ग्राहकाची घाई असली तरी हा टप्पा आम्ही गाळत नाही.

उघड्यावरच्या शिल्पाचं अर्धं यश अशा गोष्टींत असतं ज्या कुणाला दिसत नाहीत. पोकळ भागाला तळाशी छिद्र हवं, नाहीतर आत साचलेलं पाणी आतूनच पोखरतं. जस्ताचा गरम मुलामा द्यायचा असेल तर हवा जायला वाटा आणखी काळजीपूर्वक ठेवाव्या लागतात. सुमारे 450 अंशांच्या जस्तात बंद पोकळी बुडवली तर ती फुटू शकते. तीन मीटर लांबीचं पोलाद तापमानात तीस अंशांचा फरक पडला की साधारण एक मिलिमीटर वाढतं, म्हणून लांब भागाची दोन्ही टोकं आम्ही पायात घट्ट आवळत नाही. स्टेनलेस आणि साधं लोखंड एकत्र आलं की मध्ये रबराचा किंवा नायलॉनचा थर देतो. ओल्यात ती दोन्ही थेट चिकटली तर साधं लोखंड वेगाने गंजतं.

कोर्टेन पोलादाचा तांबूस गंज सध्या बऱ्याच जणांना हवा असतो. तो रंग मलाही मनापासून आवडतो. त्या पोलादात तांबं, क्रोमियम वगैरे थोड्या प्रमाणात असतं, त्यामुळे गंजाचा थर घट्ट बसतो आणि आतल्या धातूला सांभाळतो. पण त्यासाठी पोलाद ओलं होऊन पुन्हा नीट वाळावं लागतं. सतत ओल्या मातीत रुतलेलं किंवा खाऱ्या हवेतलं कोर्टेन गंजतच राहतं. शिवाय सुरुवातीच्या काळात त्यावरून तांबडं पाणी ओघळतं. पांढऱ्या फरशीवर ते उभं करायला सांगितलं तर आम्ही आधी डागांबद्दल सांगतो आणि खाली खडीचा पट्टा सुचवतो. कुणी तरीही आग्रह धरला तर ते काम नाकारतो.

लोक मला हमखास विचारतात, ग्राइंडिंगची लोखंडी धूळ झाडांना घालता का. अजिबात नाही. धातूरूपातलं लोखंड मुळांना तसंच घेता येत नाही, आणि त्या धुळीत चाकाचा चुराही मिसळलेला असतो. जस्ताच्या मुलाम्यावर वेल्डिंग केलं तर तो धूर माणसालाही सोसत नाही, ताप भरतो. मुलामा आधी घासून काढतो, मास्क लावतो, धूळ गोळा करून वेगळी ठेवतो. वर्कशॉप आणि बाग यांच्यामध्ये भिंत आहे आणि ती राहणार.

बार्बरा हेपवर्थ यांच्याविषयी इथे लिहायलाच हवं. इंग्लंडमधल्या सेंट आयव्हज् इथला स्टुडिओ त्यांनी 1949 मध्ये घेतला, 1950च्या दशकात त्या धातूकडे वळल्या आणि स्टुडिओच्या बागेत त्यांनी आपली ब्राँझ शिल्पं झाडाझुडपांमध्ये मांडली. 1976 पासून ती जागा संग्रहालय आहे. पोकळ आकारातून पलीकडची पानं दिसावीत, ही त्यांच्या बागेतली कल्पना माझ्या मनात घर करून बसली आहे.

स्टुडिओ आम्ही लहानच ठेवला आहे. भाऊ हिशेब, कोटेशन आणि वाहतूक बघतो, दोन जुने वेल्डर बाबांच्या काळापासून आहेत, भट्टी आणि तांब्याचं काम माझ्याकडे. फाटकं अजूनही करतो, तीही आवडीने. शिल्प दिल्यावर वर्षातून एकदा जाऊन ते धुतो, ब्राँझ आणि तांब्यावर मेण चढवतो, पाया आणि छिद्रं तपासतो. विकलेल्या कामाशी संबंध टिकवायचा हा आमचा नियम आहे, कारण बागेतलं शिल्प बागेबरोबर बदलत राहतं.

सध्या टेबलावर एका उंच कमानीचं काम आहे. तिच्यावर खरी वेल चढणार आहे. तणाव्यांना जाड, गुळगुळीत पाइप पकडता येत नाही, म्हणून मुख्य पाइपांमध्ये सहा मिलिमीटरच्या सळयांची जाळी विणतोय. दुपारच्या उन्हात काळं लोखंड इतकं तापतं की कोवळा शेंडा करपतो. त्यामुळे वेल सकाळचं ऊन मिळणाऱ्या बाजूने वर न्यायची ठरवलं आहे. ग्राहकांना रोप आत्ताच लावायला सांगितलं आहे. कमान पोहोचेपर्यंत मुळं धरलेली असतील.