तुम्ही विचारलंत म्हणून: ते विमानाकडे का नाही गेले?

डोंगरात भटकणाऱ्या पोरांना नकाशा आणि कंपास शिकवताना मी 'लेडी बी गुड' या अमेरिकन बॉम्बर विमानाची गोष्ट सांगतो. गोष्ट संपते न संपते तोच कुणीतरी विचारतंच, "पण सर, विमानात पाणी होतं ना? मग ते विमानाकडे का नाही गेले?" या प्रश्नात थोडी कीव असते आणि 'आपण असतो तर' असा थोडा तोराही असतो. तेव्हा चहाची वेळ झालेली असते, उत्तर घाईत उरकावं लागतं. म्हणून आज जरा नीट सांगतो.

आधी गोष्ट, ज्यांनी ऐकली नसेल त्यांच्यासाठी. 4 एप्रिल 1943. लिबियात बेंगाझीच्या दक्षिणेला सोलुक नावाचा धावपट्टीचा तळ. तिथून 25 बी-24 लिबरेटर विमानं इटलीतल्या नेपल्स बंदरावर बॉम्ब टाकायला निघाली. 'लेडी बी गुड' उशिरा उडालेल्यांपैकी. वाळूचं वादळ चालू होतं, काही विमानं तर इंजिनात वाळू गेल्यामुळे अर्ध्यातूनच परतली. या विमानात नऊ जण होते आणि सगळ्यांची मिळून ही पहिलीच लढाऊ फेरी. नेपल्सजवळ पोहोचेपर्यंत अंधार पडला, लक्ष्य दिसेना, म्हणून ते माघारी वळले. परतीच्या वाटेवर विमान एकटंच होतं.

मध्यरात्र उलटल्यावर वैमानिक विल्यम हॅटन याने बेंगाझीजवळच्या बेनिनाच्या रेडिओ केंद्राला विचारलं, आमची दिशा सांगा. विमानातलं दिशा दाखवणारं यंत्र चालत नव्हतं. केंद्राने उत्तर दिलं: 330 अंश, म्हणजे तुम्ही आमच्या वायव्येला आहात. वायव्येला समुद्र. म्हणजे अजून किनारा यायचाय, चालत राहा.

इथे मी फळ्यावर एक वर्तुळ काढतो. त्या काळच्या केंद्रावरचा कड्यासारखा अँटेना फिरवून विमानाचा रेडिओ संदेश कुठल्या रेषेवरून येतोय ते कळायचं. पण त्या रेषेच्या कुठल्या टोकाला विमान आहे, हे नुसत्या त्या कड्यावरून कळत नाही. 330 आणि 150 ही एकाच रेषेची दोन टोकं. विमान नेपल्सकडून येणार हे केंद्राला माहीत होतं, म्हणून त्यांनी वायव्येचं टोक धरलं. प्रत्यक्षात विमान तळावरून केव्हाच पुढे निघून गेलं होतं आणि आग्नेयेकडे, वाळवंटात खोल चाललं होतं. निदान नंतर तपास करणाऱ्यांना असंच घडलं असावं असं वाटलं. विमानातून खाली पाहावं तर अंधारात समुद्र आणि सपाट वाळवंट सारखंच काळं.

आणखी दोनेक तास ते तसेच उडत राहिले. इंधन संपत आलं तेव्हा रात्री दोनच्या सुमाराला नऊही जणांनी पॅराशूट घेऊन उड्या मारल्या. रिकामं विमान आणखी 26 किलोमीटर गेलं आणि पोटावर घसरत वाळूवर टेकलं. सोलुकपासून सुमारे 700 किलोमीटर आत.

आता प्रश्नाकडे येतो. तुम्ही ज्या नकाशाकडे बघून प्रश्न विचारता, तो 1960 नंतरचा आहे. त्यावर विमानाची फुली आहे, माणसांची फुली आहे, मधे बाण आहे. त्या रात्री त्यांच्याकडे एवढंच होतं: बाराच्या सुमाराला आपण समुद्रावर होतो असं केंद्राने सांगितलंय, त्यानंतर दोनेक तास उडालो, आणि आता पायाखाली वाळू आहे. म्हणजे किनारा नुकताच मागे पडला असणार, तळ वायव्येला जवळच असणार. विमान कुठे पडलं ते कुणी पाहिलं नव्हतं. ते इतकं अखंड टेकलं असेल असं कुणाच्या डोक्यात येण्याचं कारण नव्हतं. माणूस नसलेलं चार इंजिनांचं विमान खाली येतं तेव्हा त्याचा चुरा होतो, जळतं, हेच कुणीही धरून चालेल.

मी पोरांना कधीकधी कोरा कागद देतो आणि म्हणतो, फुल्या विसरा, फक्त हॅटनला माहीत होतं तेवढं मांडा आणि बाण काढा. बाण वायव्येलाच निघतात.

एकदा एका मुलीने वेगळा मुद्दा काढला आणि तो मला जास्त मोलाचा वाटतो. "हरवलं की जागेवर थांबायचं, असं तुम्हीच शिकवता. ते थांबले का नाहीत?" खरं आहे, मी तसंच शिकवतो. पण थांबण्याचा नियम एका गोष्टीवर उभा आहे: शोधणारे तुमच्या बाजूला येणार. इथे तळाला वाटलं, विमान समुद्रात गेलं. शोध भूमध्य समुद्रावर झाला. वाळवंटात इतक्या आत बघायचं कुणाच्या मनातही आलं नाही. थांबले असते तर तिथेच गेले असते.

आठ जण एकत्र आले. बॉम्ब सोडायचं काम असलेला जॉन वोराव्का सापडला नाही. सहवैमानिक रॉबर्ट टोनरने खिशातल्या छोट्या डायरीत लिहिलंय, जॉन सापडत नाही, बाकी सगळे हजर. आठ जणांत अर्धी बाटली पाणी. रोज प्रत्येकी एक झाकण. पंधरा मिनिटं चालायचं, पाच मिनिटं बसायचं. खुणेसाठी ते बूट, पॅराशूटच्या पट्ट्या, जीवरक्षक जाकिटं मागे टाकत गेले. मला या खुणांचं फार वाटतं. घाबरून सैरावैरा पळणारी माणसं अशी शिस्तीत खुणा ठेवत जात नाहीत.

8 एप्रिलला टेकड्या-टेकड्यांची वाळू लागली. रेडिओ ऑपरेटर लामॉटचे डोळे गेले, असं टोनर लिहितो. 9 तारखेला शेली, रिप्सलिंगर आणि मूर मदत आणायला पुढे निघाले, बाकी पाच जणांना उठवेना. 11 तारखेला लिहिलंय की पाणी असतं तर जमलं असतं, आता जीभ लावण्यापुरतंच उरलंय. शेवटची नोंद 12 एप्रिलची: अजून मदत नाही, रात्र फार थंड.

1958 मध्ये तेल शोधणाऱ्या ब्रिटिश कंपनीच्या लोकांना वरून विमान दिसलं, 1959 मध्ये ते जमिनीवरून तिथे पोहोचले. मशीनगन चालत होती, रेडिओ चालत होता, अन्नपाणी होतं, थर्मासमधलं पेयही पिता येण्यासारखं होतं. माणूस मात्र एकही नाही. अमेरिकन शोधपथकाला काही खुणा मिळाल्या, माणसं मिळाली नाहीत. फेब्रुवारी 1960 मध्ये पाच जण सापडले, शंभर किलोमीटरहून जास्त चाललेले. टोनरची डायरीही तिथेच मिळाली. मे महिन्यात शेली आणि रिप्सलिंगर सापडले, त्या पाचांच्याही पुढे तीस-चाळीस किलोमीटर. ऑगस्टमध्ये वोराव्का सापडला, पॅराशूट पुरतं न उघडलेला. म्हणजे बाकीचे त्याला शोधत होते तेव्हा तो आधीच गेलेला होता.

एवढ्याशा पाण्यावर एवढं चालता येतं, हे त्या वेळच्या जाणकारांना पटणं कठीण होतं. माझ्या मते त्यांची आठवण ठेवायची तर ती यासाठी ठेवावी.

पण आठवण ठेवली जाते ती भलत्याच गोष्टीसाठी. विमानाचे काही भाग काढून दुसऱ्या विमानांत बसवले आणि ती विमानंही अपघातात सापडली, म्हणून 'शापित विमान'. व्हॉट्सॲपवर ही गोष्ट दर वर्षी फिरते आणि कुणीतरी मला हटकून पाठवतं. ती विमानं अडचणीत आली हे खोटं नाही, पण त्या मेसेजमध्ये नऊ जणांपैकी एकाचंही नाव नसतं. कीव आणि भूत, दोन्ही फारच सोयीची असतात बघा.

नीट ठेवलेल्या आठवणीही आहेत. त्रिपोलीजवळच्या व्हीलस या अमेरिकन हवाई तळावरच्या प्रार्थनागृहात त्यांच्यासाठी रंगीत काचेची खिडकी बसवली होती, ती पुढे ओहायोत डेटनच्या हवाई दलाच्या संग्रहालयात नेली. लामॉटच्या गावी, मिशिगनमधल्या लेक लिंडनला, विमानाचा एक पंखा उभा केलाय. विमानाचा उरलासुरला सांगाडा लिबियन सरकारने 1994 मध्ये वाळवंटातून उचलून लष्करी तळावर नेला.

व्हर्नन मूर मात्र अधिकृतरीत्या सापडलेलाच नाही. ओहायोतल्या न्यू बोस्टनचा पोरगा, तोफची. म्हणून गोष्ट सांगताना मी नऊही नावं फळ्यावर लिहितो: हॅटन, टोनर, हेज, वोराव्का, रिप्सलिंगर, लामॉट, शेली, अ‍ॅडम्स, मूर. काही जण वहीत उतरवून घेतात, काही जण फोन बघत असतात. मग कुणीतरी हात वर करतं, "सर, पण विमानात पाणी होतं ना?"