ट्रेलर ओढताना: भार कुठे ठेवला, हे वजनाइतकेच महत्त्वाचे

मोठ्या रस्त्यावर भरलेला ट्रेलर डावी-उजवीकडे हेलकावे घेऊ लागला की दोष वाऱ्याला, शेजारून गेलेल्या ट्रकला किंवा चालकाच्या वेगाला दिला जातो. ही तिन्ही कारणे खोटी नाहीत. परंतु माझ्या मते बहुतेक वेळा त्या प्रसंगाची तयारी गाडी सुरू होण्याच्या कितीतरी आधी, सामान भरतानाच झालेली असते. म्हणून या लेखात गाडीच्या ताकदीविषयी कमी आणि सामानाच्या मांडणीविषयी जास्त लिहीत आहे.

ट्रेलर गाडीला एकाच बिंदूत, म्हणजे हिचच्या (गाडीच्या मागे बसवलेल्या जोडणीच्या) गोळ्यावर जोडलेला असतो आणि त्या बिंदूभोवती तो आडवा फिरू शकतो. वाऱ्याचा झोत, रस्त्यावरचा खड्डा किंवा स्टिअरिंगचा एखादा झटका यांमुळे तो किंचित बाजूला गेला, तर टायरांची पकड त्याला परत सरळ रेषेत आणते. कमी वेगात प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा लहान होत जातो आणि चालकाला त्याचा पत्ताही लागत नाही. मात्र प्रत्येक जोडगाडीचा एक वेग असा असतो की त्याच्या पलीकडे हेलकावे शमण्याऐवजी वाढत जातात. ट्रेलर मागच्या बाजूला जड असला की हा धोक्याचा वेग खाली येतो. ज्या वेगाने काल निर्धास्त प्रवास झाला, त्याच वेगाने आज ट्रेलर गाडीला फरफटत नेऊ शकतो. बदललेली असते ती फक्त सामानाची जागा.

हे मोजण्याचे माप म्हणजे ट्रेलरच्या दांडीचा गोळ्यावर पडणारा उभा भार. उत्तर अमेरिकेत हा भार ट्रेलरच्या एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के असावा असा प्रघात आहे. युरोपात तो याहून कमी धरतात. कोणताही आकडा घेतला, तरी गाडीच्या आणि हिचच्या उत्पादकाने दिलेली कमाल मर्यादा ओलांडता येत नाही. सामान भरताना सुमारे 60 टक्के वजन आसाच्या पुढे ठेवावे, हा ठोकताळा सुरुवातीला उपयोगी पडतो, पण त्यावर विसंबून राहू नये, असे मला वाटते. एक साधे गणित पाहावे. ट्रेलरचे एकूण वजन 1000 किलो आहे, गोळ्यापासून आसापर्यंतचे अंतर 3 मीटर आहे आणि दांडीवर 120 किलो भार येतो आहे, असे समजू. आसाच्या बरोबर वर ठेवलेले 150 किलोचे एखादे यंत्र केवळ 1 मीटर मागे सरकवले, तर दांडी 50 किलोने हलकी होते आणि प्रमाण 12 टक्क्यांवरून 7 टक्क्यांवर येते. यंत्र तेच, वजन तेच, पण वागणूक वेगळी.

हा भार मोजण्यासाठी माणसांच्या वजनाचा साधा काटा पुरतो. सपाट जमिनीवर ट्रेलरच्या चाकांना पुढून-मागून उटी, म्हणजे चाक अडवणारी पाचर लावावी, काट्यावर लाकडाचा मजबूत ठोकळा उभा करून त्यावर दांडीचे टोक टेकवावे आणि टोकाची उंची प्रवासात असते तेवढीच ठेवावी. भार काट्याच्या क्षमतेबाहेर जाणार असेल, तर फळीचे एक टोक विटेवर आणि दुसरे काट्यावर ठेवून, दांडी विटेपासून एक तृतीयांश अंतरावर टेकवावी. काट्याने दाखवलेल्या आकड्याची तिप्पट केली की खरा भार मिळतो. नुसती फळी ठेवल्यावर काटा जो आकडा दाखवतो, तो तिप्पट करण्याआधी वजा करायचा, हे मात्र विसरू नये.

दांडीवर पुष्कळ भार टाकला की प्रश्न सुटला, असेही नाही. हिच मागच्या आसाच्या 1 मीटर मागे असेल आणि गाडीच्या दोन आसांमधील अंतर अडीच मीटर असेल, तर दांडीवरचे 100 किलो पुढच्या चाकांवरून 40 किलो उचलतात आणि मागच्या आसावर 140 किलो टाकतात. मग स्टिअरिंग हलके लागते, पुढचे ब्रेक पूर्ण पकड घेत नाहीत आणि हेडलाइटचा झोत समोरच्या चालकाच्या डोळ्यांत जातो. शिवाय दांडीवरचा भार गाडीच्या स्वतःच्या भारक्षमतेत मोजावा लागतो. त्यातून प्रवासी आणि डिकीतील सामान यांच्यासाठी किती उरते, ते एकदा कागदावर मांडलेले बरे. आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. दोन जड वस्तू ट्रेलरच्या दोन टोकांना ठेवल्या, तर दांडीवरचा भार अगदी बरोबर भरू शकतो, पण एकदा सुरू झालेला हेलकावा थांबणे अवघड होते. जड वस्तू आसाजवळ, तळाशी आणि मध्यरेषेवर असावी, हलक्या वस्तू टोकांकडे. आणि सगळे पट्ट्यांनी असे आवळलेले असावे की ब्रेक मारल्यावर काहीही सरकणार नाही.

जोडणीबाबत थोडक्यात. गोळ्याचा आणि कपलरचा (दांडीच्या टोकाला असलेल्या, गोळ्यावर बसणाऱ्या वाटीचा) आकार तंतोतंत जुळला पाहिजे, कारण 47.6 मिलिमीटरचा गोळा 50.8 मिलिमीटरच्या कपलरमध्ये बसल्यासारखा दिसतो, कुलूपही लागते आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात तो निसटू शकतो. खिटी लावल्यावर दांडीचा जॅक थोडा फिरवावा: गाडीचा मागचा भाग दांडीबरोबर वर येऊ लागला तर जोडणी पक्की आहे. सुरक्षा साखळ्या दांडीखाली एकमेकींना छेद देऊन लावाव्यात, म्हणजे कपलर सुटले तरी दांडी रस्त्यात न रुतता त्या झोळीत पडेल.

हेलकावे सुरू झालेच, तर हात आणि पाय दोन्ही आवरावे लागतात. अॅक्सिलरेटर सोडावा, स्टिअरिंग सरळ धरावे आणि उलटसुलट वळवून ट्रेलरला सावरण्याचा मोह टाळावा, कारण आपले वळण त्याच्या लयीत मिसळून हेलकावा वाढवते. गाडीचे ब्रेक जोरात दाबले तर ट्रेलर मागून ढकलतो. ट्रेलरला स्वतःचे विद्युत ब्रेक असतील, तर त्यांच्या नियंत्रकावरून फक्त तेच हळुवारपणे लावावेत. वेग वाढवून ट्रेलर सरळ ओढून घ्यावा हा सल्ला आजही ऐकू येतो; मला तो धोकादायक वाटतो, कारण मुळात रोग वेगाने वाढणारा आहे. हेलकावे थांबल्यावर सुरक्षित जागी उभे राहून सामान पुन्हा मांडल्याशिवाय पुढे जाऊ नये.

थांबण्याचे अंतरही याच हिशेबात येते. ताशी 60 किलोमीटरवरून 80 किलोमीटरवर गेल्यास ब्रेकना शोषावी लागणारी ऊर्जा जवळजवळ पावणेदोन पट होते, तीही दोन्ही वाहनांच्या एकत्रित वजनाची. लांब उतारावर ब्रेक तापण्याआधीच, म्हणजे उताराच्या माथ्यावरच, खालचा गिअर टाकावा. पहिल्या थांब्यावर ट्रेलरच्या प्रत्येक चाकाच्या मधल्या भागाजवळ हाताची मागची बाजू न्यावी: एक चाक इतरांपेक्षा बरेच जास्त तापलेले असेल, तर बेअरिंग बिघडत आहे किंवा ब्रेक अडकला आहे. त्याच वेळी चाकांचे नट आणि पट्ट्यांचा ताणही पाहून घ्यावा, कारण प्रवासाच्या सुरुवातीच्या टप्प्यात दोन्ही सैल होतात.

वाटेत काही सामान उतरवायचे असेल, तर सकाळी मोजलेला आकडा तेथेच रद्द होतो. पुढचे सामान आधी काढले आणि मागचे तसेच राहिले, तर एकूण वजन घटूनही ट्रेलर उलाळ, म्हणजे मागे जड होतो. अशा वेळी उरलेले सामान पुढे सरकवून पुन्हा बांधावे. मुक्कामाला पोहोचल्यावरही आधी चाकांना उटी लावावी, मागचे सामान उतरवावे आणि मगच कपलर सोडावे. मागे जड असलेला ट्रेलर गोळ्यावरून सुटला, तर त्याची दांडी समोर वाकलेल्या माणसाच्या हनुवटीवर झटक्यात आदळू शकते.