माजघरातली हवा मोजून घेताना : माझा अनुभव

आई फुफ्फुसाच्या कॅन्सरनं गेली. तिनं जन्मात कधी विडी ओढली नव्हती. डॉक्टर म्हणाले, एका माणसाच्या बाबतीत नेमकं कारण सांगता येत नाही. चुलीचा धूर असेल, रेडॉन असेल. रेडॉन हा शब्द मी तिथंच पहिल्यांदा ऐकला. जमिनीतल्या युरेनियमपासून शेवटी हा किरणोत्सारी वायू बनतो. रंग नाही, वास नाही. जमिनीच्या भेगांतून वर येतो आणि कोंदट खोलीत साचतो. धूम्रपानाच्या खालोखाल फुफ्फुसाच्या कॅन्सरचं हे मोठं कारण मानलं जातं.

आमचं घर खानापूर तालुक्यात, मातीच्या भिंतींचं. माजघराला खिडकी नाही आणि पावसाळाभर दारं लावलेलीच. आई तिथं झोपायची. आता त्याच बाजेवर बाबा झोपतात. म्हणून हवा मोजून घ्यायचं ठरवलं.

बेळगावातल्या एका सरकारी कार्यालयात गेलो. पहिल्या टेबलावर विचारलं, "वास येतोय काय वो?" नाही म्हटलं. "धूर? डोळे चुरचुरतात?" नाही. "मग तक्रार कशाची लिहून घेऊ?" वास येत नाही हीच तर अडचण आहे, असं मी दोनदा समजावलं. मग अर्ज मराठीत आहे म्हणून परत. "अर्जी कन्नडदल्ली बरीरी." शेजारची मुलगी कन्नड शाळेत शिकते, तिच्याकडून लिहून घेतला. दुसऱ्या खेपेला साहेब मीटिंगला. "नाळे बर्री." दुसऱ्या दिवशी पुन्हा बस धरली, तर अर्ज पाण्याच्या विभागाकडं गेलेला. तिथल्या माणसानं विहिरीचं पाणी बाटलीत आणायला सांगितलं. मी हवेचं बोलतोय म्हटलं, तरी पाणीच पाहिजे. नेऊन दिलं. पंधरा दिवसांनी क्षार आणि फ्लोराइडचा रिपोर्ट हातात आला. मूळ अर्जावर शेरा होता : हा विषय या कार्यालयाकडे येत नाही. एवढं पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर? ह्यात तीन महिने गेले, आणि रेडॉन मोजायची एक फिल्म घरात लावून ठेवायला तेवढेच महिने लागतात. त्या दिवशी बसमध्ये मला रडू आलं.

मार्ग निघाला तो पुतण्यामुळं. तो फिजिक्सला आहे. त्याच्या ओळखीचे एक प्राध्यापक संशोधनासाठी घरांतला रेडॉन मोजतात. आठवड्यात दोन डब्या आल्या. आत एलआर-११५ नावाच्या फिल्मचा छोटा तुकडा. रेडॉनचे अणू फुटताना बाहेर पडणारे अल्फा कण त्यावर खुणा सोडतात. प्रयोगशाळेत फिल्म सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवून त्या खुणा सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. म्हणून सांगतो, कार्यालयांच्या पायऱ्या झिजवू नका, जवळच्या विद्यापीठात फिजिक्स विभागात विचारा.

डबी झोपायच्या खोलीत, जमिनीलगतच्या मजल्यावरच लावा. खिडकीजवळ किंवा पंख्याखाली नको. बाबांनी एकदा ती पुसायला काढली होती, मी वेळेवर बघितलं.

माजघरात १९० बेकरेल आले, सोप्यात ६०. बेकरेल म्हणजे सेकंदाला एक अणू फुटणं. हा आकडा एका घनमीटर हवेतला. जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ मध्ये १०० ची पातळी सुचवली. ते जमत नसेल तर ३०० च्या वर नको. त्यामुळं घाबरून घर सोडायची वेळ नव्हती. आईचा आजार त्यानंच झाला असं मी म्हणत नाही. पण बाबांना तिथं झोपू द्यायला मन तयार होईना.

गवंड्याकडून मागच्या भिंतीत खिडकी पाडली, समोर झरोका केला, फरशीच्या भेगा सिमेंटनं भरल्या. नुसत्या भेगा बुजवून भागत नाही, हवा खेळायला पाहिजे. आणखी एक, लोक स्वयंपाकाच्या ओट्याच्या ग्रॅनाइटला घाबरतात. बहुतेक घरांत रेडॉन येतो तो मुख्यतः खालच्या जमिनीतून. आणि घरात कोणी विडी ओढत असेल तर आधी ती सोडवा. ओढणाऱ्याला रेडॉनचा धोका न ओढणाऱ्यापेक्षा सुमारे २५ पट असतो. निपाणीकडचे माझे मामा दिवसाला दोन बंडल ओढायचे. हे ऐकल्यावर एकावर आलेत, मी मागं लागलोय.

खिडकी पाडल्यावर दुसरी फिल्म लावली. परवा आकडा आला, ८४. बाबांची बाज आता त्या खिडकीखाली आहे.