आठ काड्यांची पिन आणि ग्रँट रोडच्या खेपा

जुन्या गेम कन्सोलचा स्टिरिओ आवाज टीव्हीपर्यंत न्यायचा होता. त्या केबलला लागणाऱ्या पिनेबद्दलच आधी बोलतो, कारण राग अजून उतरलेला नाही. डागकाम (सोल्डरिंग) एका रविवारी दुपारी आटोपलं. पिनेने पाच आठवडे खाल्ले.

माझ्याकडे सेगा कंपनीचा मेगा ड्राइव्ह हा गेम कन्सोल आहे, पहिलं मॉडेल. मामेभावाने इंग्लंडहून येताना आणून दिला. त्याच्या पोटातली यामाहाची वायएम२६१२ ही आवाजाची चिप सहा चॅनलची आणि खरी स्टिरिओ. प्रत्येक चॅनल डावीकडे, उजवीकडे किंवा दोन्हीकडे सोडता येतो. पण टीव्हीला जोडायच्या मागच्या गोल एव्ही पोर्टातून बाहेर येतो तो मोनो, म्हणजे दोन्हीकडे एकच आवाज! स्टिरिओ फक्त पुढच्या हेडफोन जॅकला. दुसऱ्या मॉडेलात सेगाने नऊ काड्यांचा पोर्ट देऊन हे निस्तरलं. ज्यांना घाई आहे त्यांनी जॅकमधून वायर काढून टीव्हीला लावावी आणि वाचणं इथेच थांबवावं. मला पुढून लोंबणारी वायर नको होती. घरात दोन वर्षांचा पुतण्या आहे, एवढं सांगितलं तरी पुरे.

मागच्या पोर्टाच्या आठही काड्या कामात: लाल, हिरवा, निळा, सिंक (चित्र जुळवणारा सिग्नल), कंपोझिट व्हिडिओ (सगळं चित्र एकाच तारेत), मोनो आवाज, ५ व्होल्ट आणि ग्राउंड. उजव्या आवाजाला जागाच नाही. पण माझ्या टीव्हीला आरजीबी, म्हणजे लाल-हिरवा-निळा वेगवेगळे, घ्यायची सोयच नाही, कंपोझिट चित्र पिवळ्या भोकातूनच जातं. मग निळ्याचा बळी दिला. मोनोच्या जागी डावा, निळ्याच्या जागी उजवा. बोर्डावर त्या दोन काड्यांकडे जाणाऱ्या रेषा ब्लेडने तोडल्या, मल्टिमीटरने खात्री केली आणि जॅकच्या पायांपासून शिल्डेड वायर मागे नेली. झालं.

आता केबल. तिच्यासाठी आठ काड्यांची डिन (गोल जातीची) पिन हवी. मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात काय मिळत नाही, म्हणून ठाण्याहून लोकल पकडून ग्रँट रोडला उतरलो. दुकानदाराने न बघताच पुडी पुढे केली. चाळीस रुपये. घरी येऊन लावतो तर बसेना. जोर लावला, एक काडी वाकली. मग कुठे कळलं की आठ काड्यांच्या डिनमध्ये दोन जाती असतात. एकीत काड्यांची कमान २७० अंशांची, दुसरीत २६२ची. नुसत्या डोळ्यांना फरक दिसत नाही, पोर्टाला मात्र बरोबर कळतो.

पुढच्या शनिवारी परत गेलो. ‘सेम है साब, थोडा दबाके लगाओ.’ दबाके लावूनच तर वाकली होती! दुसरी घेतली, तीही तसलीच. मग ‘मंगल को आयेगा’ सुरू झालं. कुठला मंगळवार ते त्याने सांगितलं नाही. मी फोन करायचो, तो ‘रास्ते में है’ म्हणायचा. पाचव्या आठवड्यात चिडून अख्खा मेगा ड्राइव्हच पिशवीत घालून नेला आणि काउंटरवर ठेवला. दुकानातल्या पोऱ्याने पोर्टात डोकावून पाहिलं, माळ्यावर चढला आणि धुळीने माखलेला डबा घेऊन उतरला. पहिलीच पिन खटकन बसली. पाच आठवडे ती माझ्या डोक्यावरच होती. तेव्हा फोटो दाखवू नका, वर्णन करू नका, यंत्रच घेऊन जा.

केबल करताना ५ व्होल्टची काडी आधी मीटरने शोधून तिच्यावर खूण करा, ती चुकून टीव्हीच्या ऑडिओत जायला नको. आणि हो, बोर्ड पालथा घातला की काड्यांचा क्रम आरशासारखा उलटतो. हे मला ठाऊक होतं, तरी पहिला डाग भलतीकडेच लागला. वायर व्हिडिओच्या चिपजवळून नेऊ नका, माझ्याकडे त्यामुळे पांढऱ्या पडद्यावर गुणगुण यायची. हेडफोनच्या आवाजाची पट्टी आता टीव्हीचाही आवाज कमीजास्त करते. ती खरखरत असेल तर डाग लावण्याआधीच कॉन्टॅक्ट क्लीनर मारून घ्या.

अडॅप्टरचं राहिलंच. यंत्राला ९ व्होल्ट लागतात आणि पिनेचं मधलं टोक निगेटिव्ह. बाजारातल्या बहुतेक अडॅप्टरांचं मधलं टोक पॉझिटिव्ह असतं, तेव्हा तपासल्याशिवाय लावू नका.

पोर्टाशेजारी मार्करने ‘आरजीबी केबल लावू नये’ असं लिहिलंय. उद्या हे यंत्र कुणाच्या हाती गेलं तर?

चाचणीला सॉनिक हा गेम लावला. त्यात रिंग उचलली की आवाज एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून येतो. मी अर्धा तास नुसत्या रिंगाच गोळा करत बसलो. बायकोने विचारलं, ‘पुढे कधी जाणार?’

चुकीच्या दोन पिना ड्रॉवरमध्ये पडून आहेत, एक वाकलेली. दुकानदार परत घ्यायला तयार नाही.