चोराला हवी होती माझी पत

जुने फिल्म कॅमेरे दुरुस्त करून मी ऑनलाइन लिलावात विकते, त्याला आता आठ वर्षं झाली. त्या रात्री एका कॅमेऱ्याचं शटर उघडून बसले होते आणि मेल आला. "पैसे भरून नऊ दिवस झाले, लेन्स अजून पाठवली नाही. उद्यापर्यंत उत्तर आलं नाही तर पोलिसांत तक्रार करेन." वर लिलावाच्या साइटचा लोगो, विक्रेती म्हणून माझं नाव, खाली पिवळं बटण : 'खरेदीदाराला उत्तर द्या'.

अशी लेन्स मी विकलीच नव्हती आणि नेमकं म्हणूनच मी बटण दाबलं. बक्षीस लागल्याचे मेल मी न उघडता टाकून देते. पण कुणी आपल्याला लबाड म्हटलं की माणूस आधी खुलासा करायला धावतो. मेल लिहिणाऱ्याला हे पक्कं ठाऊक होतं.

लॉगिनचं पान उघडलं. ब्राउझरमध्ये साठवलेला पासवर्ड एरवी आपोआप रकान्यात येतो. त्या रात्री रकाना रिकामाच राहिला. ब्राउझर पासवर्ड साइटच्या पत्त्याशी जोडून ठेवतो, एक अक्षर वेगळं असलं तरी भरत नाही. म्हणजे धोक्याची खूण डोळ्यांसमोर होती. मी वैतागून पासवर्ड हाताने टाइप केला. पत्त्याशेजारचं कुलूप दिसत होतं, पण ते कुलूप एवढंच सांगतं की मधल्यामध्ये कुणी वाचत नाहीये. पलीकडे कोण बसलंय हे सांगत नाही. पुढच्या क्षणी खऱ्या साइटचं पान आलं, तक्रार कुठेच दिसेना. कुणीतरी चुकून पाठवलं असेल, असं म्हणून मी पुन्हा शटरकडे वळले.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका जुन्या ग्राहकाचा थेट मेल आला : "तुम्ही लॅपटॉप कधीपासून विकायला लागलात?" पाहिलं तर माझ्या नावावर ४३ वस्तू लिलावाला लागलेल्या, सगळे महागडे लॅपटॉप आणि फोन, मुदत एकेका दिवसाची. प्रत्येकाच्या वर्णनात एकच ओळ : बोली लावण्याआधी या पत्त्यावर संपर्क करा. लॉगिन करायला गेले तर माझाच पासवर्ड चुकीचा ठरत होता.

लिलावाचा हा व्यवहार अभिप्रायांवर उभा आहे. ईबे ही लिलावाची साइट १९९५ साली सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी तिचे संस्थापक पिएर ओमिड्यार यांनी खरेदीदार-विक्रेत्यांना एकमेकांबद्दल शेरे लिहायची सोय करून दिली. आज अशी सोय बहुतेक लिलाव साइट्सवर असते, कारण अनोळखी माणसाला पैसे पाठवायला दुसरा आधार नसतो. नवं खोटं अकाउंट काढलं तर त्यावर कोण विश्वास ठेवणार? म्हणून चोर तयार पत पळवतात. आठ वर्षं एकेक पार्सल नीट बांधून मी जे कमावलं होतं, त्याच्या जोरावर तो लोकांना फसवत होता. हे कळलं तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडला.

पहिला अर्धा दिवस मी वाया घालवला. पासवर्ड बदलायची लिंक मागत राहिले आणि ती चोराने टाकलेल्या नव्या ईमेल पत्त्यावर जात राहिली. मग डोक्यात आलं : पत्ता बदलला की साइट जुन्या पत्त्यावर कळवते. मला का कळवलं नाही? मेलच्या सेटिंगमध्ये गेले. तिथे एक फिल्टर होता, मी कधीच न बनवलेला : लिलावाच्या साइटचं नाव असलेला प्रत्येक मेल 'वाचलेला' करून थेट कचऱ्यात. मेलला आणि लिलावाला मी एकच पासवर्ड ठेवला होता, त्यामुळे त्याला दोन्ही घरांची किल्ली एकदम मिळाली होती.

कचऱ्याच्या फोल्डरमध्ये तीन मेल पडले होते. पासवर्ड बदलला, ईमेल बदलला आणि 'हा बदल तुम्ही केला नसेल तर इथे क्लिक करा'. आता क्लिक करायचीही भीती वाटत होती. पाठवणाऱ्याच्या नावावर विसंबता येत नाही, ते कुणीही काहीही लिहू शकतं. मग मी मेलचा मूळ मजकूर उघडून त्यातले एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या, मेल खरंच कुठून आला हे पडताळणाऱ्या, तपासण्यांचे निकाल आणि ते कोणत्या डोमेनसाठी, म्हणजे साइटच्या कोणत्या मूळ नावासाठी, आहेत ते पाहिलं. लिंकचा पत्ताही वाचला. पत्ता वाचायची रीत अशी : सुरुवातीच्या दोन तिरप्या रेषा सोडा, पुढच्या पहिल्या तिरप्या रेषेपर्यंत जा आणि तिथून उजवीकडून डावीकडे वाचा. खरा मालक त्या रेषेच्या लगेच आधीच्या तुकड्यात असतो. आदल्या रात्रीच्या मेलमध्ये साइटचं नाव पत्त्याच्या सुरुवातीला होतं आणि शेवटी भलतंच काहीतरी.

लिंक खरी होती, तरी आधी मेलचं घर साफ केलं. नवा पासवर्ड, सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट, फिल्टर रद्द, फॉरवर्डिंग रद्द, रिकव्हरीचा फोन तपासला. हा क्रम चुकला असता तर नवा पासवर्डही त्याच्याच हातात गेला असता. मग ती लिंक दाबली. साइटने अकाउंट गोठवलं आणि पुरावा मागितला. पार्सलच्या जुन्या पावत्या मी एका बुटाच्या खोक्यात ठेवते. त्यांवरचे ऑर्डर क्रमांक पाठवले आणि दोन दिवसांनी अकाउंट हातात आलं.

त्याच संध्याकाळी सहा लॅपटॉप पुन्हा लिलावाला लागले! वस्तू एकगठ्ठा टाकणाऱ्या कुठल्याशा प्रोग्रॅमला चोराने परवानगी देऊन ठेवली होती आणि पासवर्ड बदलल्याने ती रद्द झाली नव्हती. 'जोडलेली ॲप्स' या यादीत जाऊन ती काढली, तेव्हा तो खरा बाहेर पडला. आता दोन्हीकडे पासकी आहे, म्हणजे पासवर्डऐवजी उपकरणात साठवलेली डिजिटल किल्ली. लॉगिन करताना पासवर्डसोबत मागितला जाणारा, दर ३० सेकंदांनी बदलणारा सहा आकडी कोडसुद्धा खोट्या पानावर टाकला तर चोर तिथल्या तिथे वापरू शकतो. पासकी मात्र चुकीच्या पत्त्यावर चालतच नाही.

सगळ्या बोलीदारांना मी एकेक करून कळवलं. एकाने साइटच्या बाहेर, थेट बँकेतून, पैसे पाठवून टाकले होते. ताबडतोब बँकेला फोन करा, असं मी त्याला लिहिलं, मला आलेला मूळ मेल आणि चोराचा संपर्काचा पत्ताही तक्रारीसाठी दिला. पैसे तोवर पुढे काढून घेतले गेले होते. त्याने माझ्या नावाखाली शेरा लिहिला : 'फसवणूक. दूर राहा.' साइट तो काढून टाकायला तयार होती. मी काढू दिला नाही. खाली काय घडलं ते लिहिलं आणि त्याच्या तक्रारीसोबत जोडायला माझा लेखी जबाब पाठवला.