कपाचा कान

आमच्या घरी कान तुटलेला कप कधी टाकून दिला जात नसे. त्याची फक्त बदली होत असे. चहाच्या ट्रेमधून त्याचे नाव कमी झाले की तो विरजणाचा कप होई, काही वर्षांनी तिथूनही उतरून तो भांडी घासायच्या राखेचा होई, आणि त्याची मागे राहिलेली बशी दुसऱ्या एखाद्या विजोड कपाखाली निमूटपणे नांदू लागे. कपाच्या कानाविषयी यापेक्षा अधिक विचार मी आयुष्यात कधी केला नव्हता. तो करायची वेळ आली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये. लेकीकडे न्यू जर्सीला गेलो होतो, तेव्हा एका पावसाळी दिवशी तिने मला तिथे सोडले, आणि चित्रांच्या दालनांकडे जाता जाता वाट चुकून मी युरोपच्या शोभिवंत कलांच्या विभागात शिरलो.

हा विभाग १९०७ साली स्वतंत्र झाला. पंधराव्या शतकापासून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंतच्या सुमारे पन्नास हजार वस्तू त्याच्याकडे आहेत. त्यांत संगमरवरी पुतळे आहेतच, पण घड्याळे, कुलपे, पलंग, पंखे, मिठाची भांडी आणि दाराच्या मुठीही आहेत. ‘शोभिवंत’ हा शब्द मला तिथे पाच मिनिटांतच खटकू लागला. यांतली बहुतेक वस्तू कुणाच्या तरी हातासाठी घडवलेली होती. शोभा तिला मागाहून, किंवा फार तर बरोबरीने चिकटली. चित्र भिंतीवर टांगण्यासाठीच जन्माला येते, त्यामुळे संग्रहालयात त्याचे काही बिघडत नाही. काचेआडची किटली मात्र बिचारी निवृत्त दिसते.

पहिल्याच कपाटाशी मी थबकलो, कारण तिथल्या अठराव्या शतकातल्या चहाच्या कपांना कानच नव्हते. आधी वाटले की ते मोडले असतील, पण एकाही कपावर तुटल्याची खूण नव्हती. युरोपने चहा चीनकडून घेतला आणि त्याबरोबर चहा पिण्याच्या लहान वाट्याही घेतल्या. त्या वाट्यांना कान नसतो. कॉफीच्या आणि चॉकलेटच्या कपांना कान आले, तरी चहाच्या पुष्कळ वाट्या ते शतक सरेपर्यंत बिनकानाच्याच राहिल्या. त्या काळच्या चित्रांत मोठ्या घरांतली माणसे एक बोट बुडाच्या कडीखाली आणि अंगठा काठावर ठेवून ती गरम वाटी मोठ्या ऐटीत तोलताना दिसतात. ती ऐट निम्मी शिष्टाचाराची आणि निम्मी चटक्याची असणार, असा माझा आपला तर्क आहे. कान हा कपाचा तसा उपरा अवयव आहे. तो वेगळा घडवून, पातळ कालवलेल्या मातीने कपाला चिकटवून मग भट्टीत जातो, आणि म्हणूनच मोरीत हातातून निसटलेल्या कपाचा पहिला बळी त्याचाच पडतो.

आपण ‘चिनी माती’ म्हणतो, तेव्हा त्या शब्दात केवढे वेड दडलेले आहे याचा आपल्याला पत्ता नसतो. जर्मनीतल्या सॅक्सनीचा अधिपती आणि पोलंडचा राजा ऑगस्टस याला या भांड्यांचा इतका नाद होता, की १७१७ साली त्याने आपले ६०० घोडदळ शिपाई प्रशियाच्या राजाला देऊन त्यांच्या बदल्यात १५१ चिनी भांडी घेतली. म्हणजे एका भांड्याला सुमारे चार शिपाई पडले. याच राजाने बोटगर नावाच्या एका तरुण किमयागाराला सोने करून दाखव म्हणून कैदेत ठेवले होते. सोने काही झाले नाही, परंतु त्या खटपटीतून पांढऱ्या मातीच्या पोर्सेलीनचे, म्हणजे या चिनी मातीच्या भांड्यांचे, गुपित सापडले आणि १७१० मध्ये माइसेनच्या किल्ल्यात कारखाना सुरू झाला. कारखाना किल्ल्यात ठेवण्याने गुपित राखायलाही सोय झाली, पण गुपित आणि चहा दोन्ही फार वेळ झाकून ठेवता येत नाहीत. दहा वर्षांच्या आत व्हिएन्नातही अशी भांडी होऊ लागली. इंग्रजांनी पुढे वेगळीच वाट काढली. त्यांच्या ‘बोन चायना’त जवळजवळ निम्मी जनावरांच्या हाडांची राख असते. आमच्या आजीने कपबशीला स्वयंपाकघरात ओट्यापलीकडे कधी येऊ दिले नाही. तिला हे कुणी सांगितले नव्हते, तरी तिचा संशय अगदीच निराधार नव्हता म्हणायचा.

याच विभागाची ब्रिटिश दालने २०२० साली नव्याने मांडली गेली. तिथे दोन उंच अर्धगोल कपाटांत इंग्लंडमधल्या शंभर किटल्या ओळीने ठेवल्या आहेत. मी तिथे अर्धा तास तरी रेंगाळलो. कशासाठी, म्हणाल, तर तोट्या, झाकणे आणि कान पाहण्यासाठी. स्टॅफर्डशायरच्या कुंभारांना तेव्हा काय सुचेल याचा नेम नव्हता. त्यांनी फ्लॉवरच्या गड्ड्याची किटली केली, म्हणजे वर पांढरा गड्डा आणि खाली हिरवी पाने. त्यांनी अननसाची केली, घराच्या आकाराचीही केली. पण आकार कसलाही घेतला तरी एका बाजूला तोटी आणि दुसऱ्या बाजूला कान हा करार त्यांना मोडता आला नाही. जुन्या किटल्या इतक्या लहान आहेत, की आपल्याकडच्या दोन पाहुण्यांनाही त्या पुरणार नाहीत. त्याचे कारण कंजूषपणा नव्हे. चहा फार महाग होता. त्याचा डबा कुलपात राही. सरकारने १७८४ मध्ये चहावरचा कर ११९ टक्क्यांवरून साडेबारा टक्क्यांवर आणला, तेव्हा कुठे तो सामान्यांच्या आवाक्यात येऊ लागला. त्या चहात पडणारी साखर मात्र वेस्ट इंडीजच्या मळ्यांतल्या गुलामांच्या कष्टाची होती, आणि चांदीची सुबक साखरदाणी पाहताना ते मनातून जात नाही.

आणखी एक गोष्ट कळली आणि मन सुखावले. चहा बशीत ओतून निववून पिण्याची रीत तिकडेही होती. पुढे ती तिथे गावंढळ ठरली, आणि आपल्याकडेही चारचौघांत भुरका मारणाऱ्याकडे लोक पाहू लागले. पण बशीची ती खोलगट ठेवण पाहिली की तिचा हेतू लपत नाही.

निघता निघता एका कपाटात व्हिएन्नाच्या द्यू पाकिए कारखान्यातली एक कपबशी दिसली. बशीच्या मधोमध बोटभर उंचीचा जाळीदार कठडा आणि त्या कठड्यात कप अर्धा बुडालेला. बशी कितीही हलली तरी कप कलंडायचा नाही. फ्रेंचांनी अशा बशीला नावही थरथरण्यावरूनच दिले आहे. शेवटच्या दोन वर्षांत आजोबांचा हात कापू लागला, तेव्हा आजीने त्यांच्या चहाची बशी एक दिवस मुकाट्याने बाजूला ठेवली आणि स्टीलच्या उभ्या काठाच्या वाटीत कप घट्ट बसवून तो त्यांच्यापुढे केला. कपाचा कान वाटीच्या काठावर अडकून राही. आजोबांनी काही विचारले नाही, तीही काही बोलली नाही. सांडलेला चहा वाटीत जमे, आणि शेवटी तोही ते पिऊन टाकीत.